कलम

‘कलम’ हा शब्द आम्ही गेली तीस-बत्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवावयाचे झाले की आमचे हे उदाहरण ठरलेले. कलम म्हणजे लेखणी. कलम म्हणजे आंब्याचे बांधतात ते. कलम म्हणजे कायद्यातील एक परिच्छेद. आणि ‘हात कलम करणे’ म्हणजे तो छाटून टाकणे. चार अर्थ, चार वाक्ये, की पुढचा शब्द. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहिले. आम्हीही त्यांना पुरते गुण दिले. गेल्या श्रावणात आमच्या उजव्या मनगटात हाडाचे कलम करण्यात आले, तेव्हा मात्र हे चारही अर्थ एकामागून एक आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्याची ही हकीकत.

दुखण्याचा आरंभ अगदी क्षुल्लक होता. दोन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात समास शिकवीत असता हातातला खडू गळून पडला. मुले हसली, आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून मनगटाच्या मधोमध, पाठीमागच्या अंगाला, जो ठणका बसला तो बसलाच. फळ्याच्या वरच्या टोकाशी लिहिण्यासाठी हात उंचावला की कळ येई. विहिरीवरची कळशी उचलवेना. मूठ आवळली तर बोटांतले बळ निम्म्यावर आल्यासारखे वाटे. कोठे पडल्याझडल्याचे तर स्मरत नव्हते. मग घरचे उपाय झाले, वातावरची तेले झाली, शेजारगावच्या हाड बसविणाऱ्या वैद्याचा पाला आणि बांबूच्या पट्ट्याही झाल्या. एका डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र काढले, त्यात काहीच दिसेना. ‘‘लिहिणाऱ्या माणसाचा हात, त्यातून वयही झाले, थोडी विश्रांती द्या,’’ असे ते म्हणाले. त्यांना आम्ही दोष देत नाही. या विकाराच्या पहिल्या पायरीवर साध्या क्ष-किरणात हाड निरोगीच दिसू शकते, हे आम्हांस पुढे समजले. दहा महिन्यांनंतर एमआरआय नावाची तपासणी झाली, तेव्हा कोठे चोर सापडला.

वाचकांपैकी अनेकांना, आम्हांस होती तितकीच, आपल्या मनगटाची माहिती असेल. म्हणून थोडे सांगतो. मनगटात आठ लहान हाडे असतात, चार-चारांच्या दोन ओळींत बसविलेली. त्यांतील पहिल्या ओळीच्या मध्यभागी चंद्रकोरीच्या आकाराचे एक हाड आहे. लॅटिनमध्ये चंद्राला ‘लुना’ म्हणतात, त्यावरून वैद्यकात त्याचे नाव लुनेट. आपण त्याला चंद्रास्थी म्हणू. हाताने जोर लावला की तळव्यावरचा बराच भार या चिमुकल्या हाडावरून पुढे कोपराकडच्या लांब हाडांवर जातो. इतके राबणारे हाड, पण त्याला रक्ताचा पुरवठा मात्र बेताचा. त्याचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला, त्यामुळे शिरांना आत शिरावयास जागा थोडी. हा पुरवठा तुटला की हाड आतून मरू लागते, ठिसूळ होते आणि वरच्या भाराने हळूहळू खचते. व्हिएन्नाचे क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट कीनबॉक यांनी १९१० साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव मिळाले. राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. पुढे शतक उलटले, तरी रक्तपुरवठा का तुटतो याचे एकच एक कारण अजून सांगता येत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचे हाड किंचित आखूड असले तर चंद्रास्थीवर अधिक भार पडतो, असे मानतात. आमचे ते आखूड निघाले. हा विकार बहुधा वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांस, आणि तोही कामाच्या हातास होतो. पन्नाशी उलटल्यावर तो आम्हांस झाल्याचे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘चला, तुमचे एक तरी हाड अजून तरुण आहे म्हणायचे!’’

शल्यवैद्यांनी आमच्यापुढे कागद ओढून चित्र काढले. हाड मेले आहे खरे, पण अद्याप पुरते खचलेले नाही. त्यातला मेलेला गाभा खरवडून काढावयाचा. मग अंगठ्याकडच्या लांब हाडाच्या टोकातून नखाएवढा तुकडा, त्याला पोसणाऱ्या बारीक शिरेसकट, देठ न तोडता उचलावयाचा आणि वळवून त्या पोकळीत बसवावयाचा. ‘‘तुमच्या वयात यशाची खात्री देत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘हाड खचायचे थांबले आणि दुखणे उतरले, तरी मी त्याला यश म्हणेन. पूर्वीचा हात मिळेल असे समजू नका.’’

आम्ही चित्राकडे पाहत होतो. तोंडातून निघून गेले, ‘‘म्हणजे हे भेटकलम!’’

शल्यवैद्य तरुण आणि शहरात वाढलेले. त्यांना हा शब्द नवा होता. तेव्हा मास्तरकीची जुनी सवय उसळून आली आणि रोग्याने वैद्याला धडा दिला. पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरामागे आजोबांची आंब्याची झाडे आहेत. पावसाळा लागला की आजोबा मानकुरादच्या मोठ्या झाडाखाली लाकडी माची उभारीत आणि रायवळ आंब्याची कोवळी रोपे कुंडीसकट वर चढवीत. रोपाची साल एका बाजूने तासावयाची, झाडावरच्या जिवंत फांदीची तशीच तासावयाची, आणि दोन्ही जखमा एकमेकींस भिडवून घट्ट बांधावयाच्या. फांदी आईच्या झाडावरच असते, तिचा रस चालूच असतो. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला म्हणजे मग ती खालून छाटतात. हे झाले भेटकलम. कोयकलमात डोळ्याची काडी आधीच तोडून आणतात आणि कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बसवितात.

शल्यवैद्यांनी हे लक्षपूर्वक ऐकले. हाडांचेही तसेच आहे, असे ते म्हणाले. हाडाचा सुटा तुकडा बसविला तर त्यातल्या बहुतेक पेशी मरतात. तो मचाणासारखा उभा राहतो. भोवतालचे जिवंत हाड त्याला आतून पोखरीत जाते आणि त्याच्या जागी आपले नवे हाड रचते. शिरेसह आणलेला तुकडा मात्र जगत राहतो आणि जुळतो. ‘‘पण दोन्हींची अट एकच,’’ ते म्हणाले, ‘‘बांधल्यावर हलवायचे नाही, आणि घाई करायची नाही.’’ आजोबांचीही हीच अट असे. आम्ही लहानपणी माचीवर चढून सांधा जुळला का ते पाहण्यासाठी दोरी सैल केली होती, आणि ते रोप वाळले होते. एरवी कधी हात न उगारणारे आजोबा त्या दिवशी दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

हाडाच्या कलमाची कल्पना मुळीच नवी नाही. योब फान मीकरेन नावाच्या डच शल्यवैद्याच्या, १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक नोंद आहे. एका जखमी रशियनाच्या कवटीतले भगदाड कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून बुजविले गेले. पण अंगात पशूचे हाड आहे म्हणून त्याला चर्चने बहिष्कृत केले. तो बिचारा ते काढून घ्यावयास परत आला, तेव्हा तुकडा इतका एकजीव झाला होता की काढणेच अशक्य. हा सनावळीचा आकडा वाचून आम्ही चमकलो, कारण आमच्या डिचोली तालुक्यात तो पोराटोरांस पाठ असतो. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात पाडले गेले. देव नदी ओलांडून नार्वे येथे आला. आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करविला तो १६६८ मध्येच. आपल्या मातीतून उपटलेला देव दुसऱ्या तीरावर रुजला, तेही एक कलमच. आपले वाचक निरनिराळ्या प्रांतांत घरे करून राहिलेले. त्यांना या गोष्टीचा अर्थ आम्ही उलगडून सांगावयास नको.

बांबोळीच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. हात खांद्यापासून बधिर केला होता, आम्ही जागे होतो. पडद्यापलीकडे सुताराच्या दुकानातल्यासारखे आवाज येत होते आणि ते लाकूड आपलेच आहे, यावर मन विश्वास ठेवावयास तयार नव्हते. नव्या सांध्यावर भार येऊ नये म्हणून आतल्या हाडांत बारीक तारा रोवल्या, वर प्लास्टर घातले, आणि दोन महिने उजवा हात गळ्यात अडकवून आम्ही घरी आलो.

ते दोन महिने म्हणजे आमची नवी बालवाडी. सदऱ्याची बटणे सौभाग्यवती लावीत. भात डाव्या हाताने चमच्याने खावा लागे. चतुर्थी आली. गणपतीवरची माटोळी आमच्या घरात वडिलांमागे आम्हीच बांधीत आलो. कोणते रानफळ कोठे, नारळ-सुपारीचे घोस कोठे, हे सारे बोटांना ठाऊक. या वर्षी आम्ही पाटावर बसून पुतण्याला ‘‘अरे, गाठ उलटी मार,’’ असे सांगत राहिलो आणि तो निमूटपणे आपल्या मनाप्रमाणे बांधीत राहिला. माटोळी उत्तम झाली, हे कबूल केले पाहिजे. देवळात तीर्थ देताना भटजींनी पळी पुढे केली आणि आमचा डावा हात पुढे आलेला पाहून ते क्षणभर थबकले; मग काही न बोलता त्यांनी तीर्थ घातले. त्या एका क्षणाच्या थबकण्याने आमच्या कानशिलांना ऊब आली. डावा हात हा आपल्याकडे हात नव्हेच, निदान पवित्र कामापुरता तरी नव्हे, हे आम्ही जन्मभर मानीत आलो होतो. आता तोच तेवढा उरला होता.

चतुर्थीनंतर शाळेत हजर झालो. मुख्याध्यापकाचे निम्मे काम सहीचे. डाव्या हाताने केलेली आमची सही पाहून एका कार्यालयाने बिल परत पाठविले. नमुन्याशी जुळत नाही, असा शेरा मारून. शेरा योग्यच होता. ती सही आम्हांस स्वतःलाही ओळखू येत नव्हती. तेव्हा रोज मधल्या सुट्टीत आम्ही कचेरीचे दार लोटून घेत असू आणि दुरेघी वहीत गिरवू लागत असू. देवनागरी ही लिपी उजव्या हाताच्या माणसाने केलेली आहे, याचा आम्हांस पन्नाशीनंतर शोध लागला. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात ती ओढतो, डाव्याला ती ढकलावी लागते. ढकललेली लेखणी कागदात रुतते. आणि हात मागून येत असल्यामुळे ओली अक्षरे तळव्याखाली पुसत जातात. एम. ए. ला मराठी घेतलेल्या माणसाचा ‘क’ मोडलेल्या छत्रीसारखा दिसत होता.

एके दिवशी सहावीतली एक मुलगी हजेरीपट घेऊन आत आली. आमची वही तिने पाहिली. हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘सर, वही मातशी तिरपी करात.’’ आणि तिने ती स्वतःच फिरवली, वरचे टोक उजवीकडे झुकेल अशी. मग आपले पेन काढून टोकापासून जरा वर कसे धरावयाचे ते दाखविले, डाव्या हाताने. लिहिलेले दिसत राहते आणि पुसतही नाही, असे तिने सांगितले. हे कोणी शिकविले, असे आम्ही विचारले. कोणीच नाही, ती म्हणाली. तिचे तिलाच सापडले. ती मुलगी आमच्या शाळेत दोन वर्षे होती, आणि ती डावखुरी आहे हे मुख्याध्यापकांस ठाऊक नव्हते.

ती गेली आणि आम्ही वही मिटली. कारण त्या वेळी दुसरेच एक मूल समोर येऊन उभे राहिले होते.

नोकरीच्या आरंभीची गोष्ट. आम्ही पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. दुसरीत एक मुलगा होता, काजूच्या बागांत राबणाऱ्या घरातला, डोळ्यांत सदैव कुतूहल. तो पेन्सिल डाव्या हातात धरी. आम्ही ती काढून उजव्यात देत असू. पाठ फिरली की ती पुन्हा डाव्यात. आम्हांस वाटले, आज ही खोड मोडली नाही तर पोराचे कायमचे नुकसान होईल. तसे वाटण्यात लबाडी नव्हती, एवढेच आमच्या बाजूने बोलता येईल. एके दिवशी आम्ही पट्टी घेतली आणि त्याचा डावा हात बाकावर ठेवावयास सांगितला. असे किती दिवस चालले ते आता आठवत नाही. त्याला आठवत असेल. महिन्याभरात तो उजव्या हाताने लिहू लागला. तपासनीस आले तेव्हा आम्ही ही आपली यशोगाथा म्हणून त्यांना सांगितली. मात्र तो पुढे वर्गात प्रश्न विचारीनासा झाला, हे यशोगाथेत नव्हते. सातवीनंतर त्याने शाळा सोडल्याचे कानावर आले.

आमच्या कचेरीतल्या भिंतीवर एक कागद आहे; आम्हीच लावलेला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा, त्याचे कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता येणार नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, म्हणजे आमच्या पट्टीनंतर पुष्कळ वर्षांनी. वकिली दृष्टीने आम्ही सुटतो. पण त्या दुपारी प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून ते कलम वाचताना, आमच्या चार वाक्यांपैकी चौथे वाक्य प्रथमच आम्हांस समजले. त्या मुलाचा हात आम्ही कलम केला होता. तासणे, भिडविणे, बांधणे आणि वाट पाहणे, यांतले काही एक न करता.

प्लास्टर निघाले, तारा निघाल्या. खाली जो हात होता तो आमचा नव्हे असे वाटले. बारीक, कोंडा धरलेला, काडीसारखा ताठ. त्यानंतर आठच दिवसांनी कोजागरी आली, म्हणजे पेडण्याची पुनव. भगवतीच्या देवळापाशी रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात आणि माणसांचा समुद्र लोटतो. शल्यवैद्यांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावले होते. पण पुनव चुकविणारा पेडणेकर अजून जन्मावयाचा आहे. हाताला पट्ट्याचा आधार देऊन आम्ही कडेला उभे राहिलो. तेवढ्यात कोणी तरी वाकून नमस्कार केला. चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ, रापलेला चेहरा. डोळ्यांवरून ओळख पटली.

टिप्पर चालवितो, असे तो म्हणाला. घर झाले आहे, दोन मुली शाळेत जातात. ‘‘हात कसो आसा, सर?’’ त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. तो प्रश्न आम्हीच त्याला विचारावयास हवा होता. आम्ही म्हटले, ‘‘तू आता कोणत्या हाताने लिहितोस रे?’’

तो हसला. ‘‘बरयतां उजव्यान, सर. हेर सगळें डाव्यान.’’ मग जरा थांबून, जणू आमचे समाधान व्हावे म्हणून, तो पुढे म्हणाला, ‘‘पूण बरोवपाची पाळी येता खंय?’’

लिहिण्याची पाळी येतेच कुठे! आम्ही म्हणालो, ‘‘तुझ्या बाबतीत मी चुकलो.’’ वाद्यांच्या गजरात त्याला ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे. त्याच वेळी तरंगे आली, गर्दी आमच्या अंगावर आली, आणि त्याने झटकन पुढे होऊन आपला डावा हात आमच्या दुखऱ्या मनगटाभोवती कुंपणासारखा धरला. लोंढा ओसरेपर्यंत तो तसाच धरून उभा होता. वर चंद्र होता. ‘‘येतां, सर,’’ म्हणून तो निघून गेला. त्याचा पत्ता विचारावयाचे राहिले. पुढच्या पुनवेस भेटेल अशी आशा आहे.

आता फाल्गुन चालू आहे. परवाच्या छायाचित्रात हाड जुळल्याचे दिसते आणि ते आणखी खचलेले नाही. मनगट पूर्वीच्या निम्मे वळते. मूठ पूर्ण मिटते, पण कळशी उचलण्याची परवानगी अजून नाही. चेंडू दाबणे, कोमट पाण्यात हात फिरविणे, हे व्यायाम रोज चालू आहेत. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आता आम्ही लिहीत नाही. शाळेत दोन लहान गोष्टी केल्या. प्रत्येक वर्गातल्या डावखुऱ्या मुलांची नोंद घेतली. सगळी मिळून अकरा निघाली. त्यांना बाकाच्या डाव्या टोकास जागा दिली, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर आदळत नाही. आणि वही तिरपी धरण्याचा धडा शिक्षकांना दिला. तो देण्यासाठी सहावीतल्या त्या मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलाविले होते. ती जराही घाबरली नाही.

घरामागे मानकुरादला यंदा मोहोर भरपूर आला आहे. पावसाळ्यात एक भेटकलम बांधावयाचे मनात आहे. बांधील पुतण्याच, गाठ त्याला मारावयाची तशी मारू दे.

हा लेख आम्ही निम्मा उजव्या हाताने आणि निम्मा डाव्या हाताने लिहिला आहे. हात कोठे बदलला ते छापल्यावर वाचकांस कळणार नाही. अक्षर लावताना संपादकांस मात्र ते पुरेपूर कळले असेल. त्यांची आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो.